हिशेब विचारणारे सभागृह आणि सभागृहाचा हिशेब

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या दप्तरात दोन प्रकारच्या वह्या हमखास सापडतात. एक पुस्तकांची दाखल-नोंदवही आणि दुसरी जमाखर्चाची. पहिलीविषयी सारेच जिव्हाळ्याने बोलतात. दुसरी वर्षातून एकदा, वार्षिक सर्वसाधारण सभेत उघडते. कार्यवाह ताळेबंद वाचतात, हिशेबतपासनिसांचा अहवाल मांडला जातो आणि बहुतेकांचे लक्ष त्यानंतरच्या चहाकडे असते. तरीही एखादा जुना सभासद उठतो आणि विचारतो, ‘पुस्तकबांधणीचा खर्च गतवर्षीच्या दुप्पट कसा?’ अशा प्रश्नातून चोर सापडतो असे नाही. बहुधा चोर नसतोच. परंतु पुढच्या वर्षी बांधणीसाठी एकाऐवजी तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली जातात.

लोकशाही राज्यव्यवस्थेत त्या जुन्या सभासदाचे काम विधिमंडळाच्या समित्यांनी करावयाचे असते. त्यांच्याकडे दोन कामे येतात. सरकारने खर्च केलेल्या पैशाचा हिशेब विचारणे हे एक, आणि सभागृहाच्या सदस्यांनी आपल्या पदाचा वापर कसा केला याची चौकशी करणे हे दुसरे. ग्रंथांतून या दोन कामांसाठी दोन वेगळी प्रकरणे असतात. व्यवहारात मात्र ती एकमेकांपासून सुटत नाहीत. ज्या सभागृहाला आपल्याच माणसांची चौकशी निःपक्षपातीपणे करता येत नाही, त्याने सरकारला विचारलेल्या हिशेबाला वजन राहत नाही. या विषयाचे दोन महत्त्वाचे धागे हैदराबादेत वाढलेल्या, येथेच वकिलीचे शिक्षण घेतलेल्या वा वकिली केलेल्या मराठी माणसांच्या हाती होते. ही गोष्ट या नगरीतील मराठी घरांतही फारशी कोणाला ठाऊक नसते.

हिशेबतपासणी ही मराठी मुलखाला नवी नव्हती. अष्टप्रधानांत मुजुमदार होता. पुढे पेशवाईत फडणिशीचे महत्त्व इतके वाढले की त्या पदावरील एका पुरुषाने राज्य सांभाळले. आज लेखापरीक्षक ‘ताशेरे ओढतात’ असे वर्तमानपत्रे लिहितात, तेव्हा त्या जुन्या दप्तराचीच भाषा बोलली जाते. परंतु तो धन्याने कारभाऱ्याकडून घेतलेला हिशेब होता, रयतेने धन्याकडून घेतलेला नव्हे. हैदराबाद संस्थानात तर ‘सर्फ-ए-खास’ नावाचा स्वतंत्र मुलूखच होता. त्याचा वसूल निजामाच्या खासगी खर्चाकडे जाई, आणि त्याविषयी प्रश्न विचारण्याची कोणाला सोय नव्हती. १९४९ साली तो मुलूख दिवाणीत विलीन झाला.

रयतेच्या प्रतिनिधींनी राज्यकर्त्यांकडून हिशेब घ्यावा ही रीत इंग्लंडात मुरली. १८६१ साली ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना तेथील कॉमन्स सभेने कायमची लोकलेखा समिती नेमली. हिंदुस्थानच्या खर्चावर मात्र हिंदी माणसाचा अधिकार नव्हता. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी नामदार गोखले लंडनला गेले, दिनशा वाच्छा आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जीही गेले. सरकारने लष्करावर किती आणि शाळांवर किती खर्च केला हे गोखल्यांनी आकडे मांडून दाखवले. १९०२ पासूनची त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे याच अभ्यासावर उभी होती. त्यांना बोलता येत होते. मत देता येत नव्हते आणि सचिवाला समोर बसवून कागद मागता येत नव्हता. १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर १९२१ मध्ये दिल्लीत लोकलेखा समिती आली खरी, पण तिचा अध्यक्ष सरकारचा अर्थसदस्यच असे. ज्याच्याकडून हिशेब घ्यावयाचा तोच तपासणाऱ्यांच्या खुर्चीवर! ही विसंगती एकोणतीस वर्षे टिकली.

१९५० साली ती संपली. संविधान अमलात येताच समिती संसदेची झाली आणि लोकसभेच्या अध्यक्षांच्या देखरेखीखाली आली. या बदलामागे गणेश वासुदेव मावळंकर यांचा आग्रह होता. बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी दादासाहेब मावळंकरांचा विसर पडू देऊ नये. बडोद्यात जन्मलेला, अहमदाबादेत वकिली केलेला हा मराठी माणूस १९३७ पासून मुंबई विधानसभेचा अध्यक्ष होता आणि पुढे लोकसभेचा पहिला अध्यक्ष झाला. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘विचार करू’ असे सांगतात, त्याचे पुढे काय झाले हे तपासणारी सरकारी आश्वासन समिती १९५३ मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत स्थापन झाली. ज्या ब्रिटिश संसदेकडून बाकीची रीत घेतली तिच्याकडे ही समिती नव्हती.

लोकलेखा समितीचे काम कसे चालते हे थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण वर्तमानपत्रांत त्याची शेवटची ओळ तेवढी येते. समितीवर बावीस सदस्य असतात, पंधरा लोकसभेचे आणि सात राज्यसभेचे. पक्षांच्या संख्याबळाच्या प्रमाणात ते निवडले जातात आणि मुदत एका वर्षाची असते. मंत्री समितीचा सदस्य होऊ शकत नाही. सदस्य मंत्री झाला की त्याचे सदस्यत्व संपते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपले अहवाल राष्ट्रपतींना सादर करतात आणि ते संसदेपुढे ठेवले जातात. संविधान सभेत ३० मे १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अधिकाऱ्याला संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते, आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे असल्याचे सांगितले होते. त्याच्या अहवालांत शेकडो परिच्छेद असतात. त्यांतून समिती थोडे निवडते. मग त्या खात्याच्या सचिवाला बोलावले जाते.

बैठक बंद दाराआड होते. समोर मंत्री नसतो, सचिव असतो, कारण विषय धोरणाचा नसतो. धरण बांधावे की बांधू नये हे समिती विचारत नाही. धरणासाठी मंजूर झालेला पैसा धरणावरच खर्च झाला का, मंजुरीच्या मर्यादेत झाला का, आणि शहाण्या गृहस्थाने स्वतःचा पैसा खर्चताना जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हे ती विचारते. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. नियमांत बसवून केलेली उधळपट्टी कागदोपत्री निर्दोष दिसते. महालेखापरीक्षक स्वतः बैठकीस उपस्थित असतात. सदस्यांच्या अडलेल्या प्रश्नाला त्यांच्या टिपणांचा आधार मिळतो. अहवाल संसदेत मांडल्यावर सरकारने सहा महिन्यांत कार्यवाहीचे उत्तर द्यावे आणि त्या उत्तरावर समितीने पुन्हा अहवाल द्यावा अशी पद्धत आहे. शिक्षा करण्याचा अधिकार समितीला नाही. पुढच्या फाइलवर सही करताना सचिवाचा हात क्षणभर थांबावा, एवढीच तिची ताकद.

ती ताकद दोन संकेतांवर उभी राहिली. पहिला संकेत एकमताचा. लोकलेखा समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडण्याची रीत नाही. दुसरा संकेत १९६७ मध्ये पडला. त्या वर्षी स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे राहिले. १९९१ ते १९९३ या काळात ग्वाल्हेरचे अटलबिहारी वाजपेयी त्या खुर्चीवर होते. हे संकेत कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाहीत, म्हणून ते मोडणेही सोपे असते. २०२१ मध्ये पश्चिम बंगाल विधानसभेत विरोधी पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्या, पण निवडणुकीनंतर सत्ताधारी पक्षात परतलेल्या सदस्याला हे अध्यक्षपद देण्यात आले. कागदोपत्री संकेत पाळला गेला होता.

समितीचे ऐकले गेले नाही अशी उदाहरणे पहिल्या काही वर्षांतच सापडतात. १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने लष्करासाठी जीपगाड्या खरेदी करण्याचा करार केला. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. करार सुमारे ऐंशी लाख रुपयांचा होता. जेमतेम दीडशे गाड्या आल्या आणि त्याही वापरण्याजोग्या नव्हत्या. लोकलेखा समितीने कठोर शब्दांत ताशेरे ओढले. १९५५ च्या सप्टेंबरात गृहमंत्री पंतांनी सरकारच्या दृष्टीने प्रकरण संपल्याचे जाहीर केले. काळाचा विनोद असा की, सरकारी कंपन्यांच्या कारभारावर संसदेची स्वतंत्र समिती असावी, ही शिफारस पुढे याच मेनन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने केली आणि तिच्यातूनच १९६४ ची सार्वजनिक उपक्रम समिती आली. अंदाज समिती त्याआधीची, १९५० ची. खर्च होण्यापूर्वीच काटकसर कोठे करता येईल हे सांगणे तिचे काम. तिचे तीसही सदस्य लोकसभेचेच असतात.

खर्च मंजूर करण्याची वेळ सभागृहात फार थोडी उरली आहे. बहुतेक खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. या प्रकाराला संसदीय भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात आणि शब्द मुळीच अतिशयोक्त नाही. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सुमारे पंचेचाळीस लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प गदारोळात, चर्चा न करता, काही मिनिटांत संमत केला. एखाद्या ग्रंथालयाच्या सभेत चहाकपांच्या खरेदीवर याहून अधिक वेळ जातो. १९९३ पासून खातेवार स्थायी समित्या आहेत; प्रथम सतरा होत्या, २००४ मध्ये चोवीस झाल्या. त्या मागण्यांची छाननी करतात. सभागृहाने न केलेला अभ्यास तेथे होतो, मात्र त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात.

पक्षाभिमान समितीच्या खोलीत शिरला की काय होते हे २०११ मध्ये दिसले. दूरसंचार लहरींच्या वाटपाविषयी महालेखापरीक्षकांनी एक लाख शहात्तर हजार कोटी रुपयांच्या संभाव्य नुकसानीचा आकडा दिला होता. लोकलेखा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी अहवालाचा मसुदा मांडला. एप्रिलच्या अखेरच्या बैठकीत सत्ताधारी बाजूच्या सदस्यांनी मसुदा फेटाळला आणि दुसरा अध्यक्ष बसवण्याचा प्रयत्न केला. लोकसभाध्यक्षांनी तो अहवाल परत पाठवला. एकमताचा संकेत साठ वर्षे जपलेल्या समितीत त्या दिवशी हातमाप झाले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील सर्व आरोपींना निर्दोष सोडले. तेव्हा समितीने शांतपणे, सर्वांच्या सहीने काही लिहून ठेवले असते तर ते आज वाचण्यासारखे झाले असते. बोफोर्स प्रकरणी १९८७ मध्ये नेमलेल्या संयुक्त समितीची कथाही फार निराळी नाही. बेळगाव जिल्ह्यातील चिकोडीचे खासदार बी. शंकरानंद तिचे अध्यक्ष होते. विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला आणि १९८८ च्या अहवालावर विश्वास ठेवायला सरकारपक्षाबाहेर कोणी तयार झाले नाही.

राज्यांतही याच धर्तीच्या समित्या आहेत. महाराष्ट्रात त्यांखेरीज पंचायती राज समिती आहे. ती जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षण अहवालांची तपासणी करते आणि त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत दौरे काढते. समिती येणार म्हटले की कपाटांतील धूळ झटकली जाते, वर्षानुवर्षे न सापडलेली नोंदवही सापडते, एखाद्या शाळेला एका रात्रीत रंग लागतो. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. भीती हेही देखरेखीचे एक फळ आहे. परंतु तपासणीला येणाऱ्यांची भीती आणि त्यांची बडदास्त यांतले अंतर फार थोडे असते. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे एक कोटी चौऱ्याऐंशी लाख रुपयांची रोकड सापडली. ती कोणाची आणि कशासाठी, हा तपासाचा विषय झाला. समितीच्या अध्यक्षांनी आपला संबंध नाकारला. तो पैसा कोणाचाही ठरो, बातमी वाचताना सामान्य वाचकाच्या मनात जो प्रश्न आला त्याचे उत्तर खर्चावरील समित्यांच्या नियमांत नाही. हिशेब तपासणाऱ्याचा हिशेब कोणी तपासावा?

हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या संसदेपुढे प्रथम १९५१ मध्ये आला, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्यापूर्वी. हंगामी संसदेत मुंबई राज्याकडून आलेले एच. जी. मुद्गल नावाचे सदस्य होते, काँग्रेस पक्षाचे. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन त्यांनी मुद्रांकशुल्क, वायद्यांतील तेजीमंदीचे व्यवहार अशा प्रश्नांवर संसदेत तिची बाजू मांडल्याचा आरोप झाला. पंडित नेहरूंना हे प्रकरण पक्षात मिटवता आले असते. त्यांनी ८ जून १९५१ रोजी स्वतःच चौकशी समिती नेमण्याचा ठराव संसदेत मांडला. आपल्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध, निवडणूक तोंडावर असताना.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा. बंगाल विधानसभेचे माजी अध्यक्ष सय्यद नौशेर अली. श्रीमती जी. दुर्गाबाई, ज्या दोन वर्षांनी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून दुर्गाबाई देशमुख झाल्या. देशमुख दांपत्याचे उत्तरायुष्यातील वास्तव्य याच शहरात होते. पाचवे नाव होते काशिनाथराव वैद्य. हैदराबादचे वकील, संस्थानातील लोकशाहीच्या लढ्यातले पुढारी, आणि १९५२ ते १९५६ या काळात हैदराबाद विधानसभेचे अध्यक्ष. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या प्रतिनिधींची ती सभा. ती चालवण्यापूर्वी वर्षभर आधी, सदस्याने कसे वागू नये, याची छाननी ते दिल्लीत बसून करत होते.

या समितीने काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. मुद्गलांना वकील देण्याची मुभा मिळाली. साक्षीदारांची उलटतपासणी करता आली, स्वतःचे साक्षीदार आणता आले. कायद्याच्या गुंतागुंतीच्या बाबतीत भारताचे महान्यायवादी समितीच्या साहाय्याला होते. म्हणजे जवळपास न्यायालयाची पद्धत. अहवालाने मुद्गलांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणारे ठरवले. २४ सप्टेंबरला चर्चा सुरू झाली. मुद्गलांनी बाजू मांडली आणि राजीनामा देऊन बाहेर पडले. राजीनामा आला म्हणून संसदेने विषय सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ठराव झाला की ते हकालपट्टीस पात्र होते आणि राजीनाम्याच्या पत्रातील भाषेने सभागृहाचा आणखी अवमान झाला. ठरावावरून अखेर त्यांना घालवता आले नाही, पण राजीनाम्याची पळवाट चालणार नाही हे नोंदले गेले.

इतिहासाला सुबक शेवट आवडत नाही, म्हणून एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. त्या समितीचे अध्यक्ष कृष्णम्माचारी पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशावरून, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या चौकशीनंतर, १९५८ च्या फेब्रुवारीत त्यांना राजीनामा द्यावा लागला.

सभागृहाची ही शक्ती नेहमीच मुद्गल प्रकरणासारखी वापरली गेली असे मात्र नाही. आणीबाणीत, नोव्हेंबर १९७६ मध्ये, राज्यसभेने सुब्रमण्यम स्वामी यांची हकालपट्टी केली. डिसेंबर १९७८ मध्ये विशेषाधिकार समितीच्या अहवालावरून जनता पक्षाच्या बहुमताने लोकसभेने इंदिरा गांधींची हकालपट्टी केली. १९८१ मध्ये, बहुमत फिरल्यावर, लोकसभेने तो ठराव रद्द केला. दोन्ही वेळी समिती होती, अहवाल होता, मतदान होते. पण बहुमत बदलताच सभागृहाचा निकाल बदलत असेल तर त्याला न्याय म्हणणे कठीण आहे.

या अनुभवानंतर दुसरा धागा येतो. ४ मार्च १९९७ रोजी राज्यसभेचे सभापती के. आर. नारायणन यांनी देशातील पहिली नीतिविषयक समिती नेमली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले शंकरराव चव्हाण. पैठणला जन्मलेले, उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले, हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरलेले, पुढे नांदेडला स्थिरावलेले शंकरराव दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री आणि केंद्रात गृहमंत्री व अर्थमंत्री राहिले होते. त्यांच्या शिस्तीविषयी मराठवाड्यात दोन मते नव्हती. तिच्या कडकपणाविषयी मात्र बरीच होती. डिसेंबर १९९८ मध्ये समितीने पहिला अहवाल दिला आणि त्यात सदस्यांसाठी चौदा कलमांची आचारसंहिता घातली. मत देण्यासाठी, विधेयक मांडण्यासाठी, प्रश्न विचारण्यासाठी किंवा न विचारण्यासाठी कोणतेही मानधन वा लाभ घेऊ नये, खासगी हित आणि सार्वजनिक कर्तव्य यांत विरोध आला तर कर्तव्य वरचढ ठरवावे, अशी ती कलमे. वाचताना ती इतकी उघड वाटतात की लिहून काढण्याची गरज का पडावी, असे मनात येते. शेजारी इंग्लंडचे उदाहरण होते. तेथे १९९४ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे प्रकरण उघडकीस आले, नोलन समिती बसली आणि १९९५ पासून सदस्यांच्या वर्तनाच्या तक्रारी पाहण्यासाठी स्वतंत्र आयुक्त आला. भारतात आयुक्त आला नाही. सहकाऱ्यांनीच सहकाऱ्याची चौकशी करण्याची पद्धत कायम राहिली. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही मात्र सुरू झाली. कोणत्या कंपनीचे मानधनी संचालकपद आहे, कोठे नियंत्रण ठेवण्याइतके समभाग आहेत, सल्लागार म्हणून कोणाकडून पैसे मिळतात, नियमित मोबदल्याचे काम आणि व्यवसाय कोणता, या पाच बाबी तीत लिहाव्या लागतात. लोकसभेत २००० मध्ये नीतिविषयक समिती आली, तिला कायमचे स्वरूप २०१५ मध्ये मिळाले.

चौदा कलमे लिहिली गेली त्याला सात वर्षे होतात न होतात तोच ती मोडलेली दिसली. १२ डिसेंबर २००५ रोजी एका वृत्तवाहिनीने अकरा खासदार प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेत असल्याची छुपी चित्रणे दाखवली. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा, पक्ष अनेक. त्यांतले दोघे जळगाव जिल्ह्यातील मतदारसंघांचे होते. लोकसभेने पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली. २३ डिसेंबरला हकालपट्टीचा ठराव झाला. अकरा दिवस! समितीतील विजयकुमार मल्होत्रा यांनी भिन्नमत नोंदवले आणि मुद्गल प्रकरणाचा दाखला दिला: तेव्हा वकील होता, उलटतपासणी होती, आता का नाही? देशभर संतापाची लाट असताना हा प्रश्न कोणाला आवडला नाही. प्रश्न म्हणून तो रास्त होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने हकालपट्टीचा अधिकार मान्य केला, मात्र अशा ठरावाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते हेही सांगितले.

डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच वळण आले. कृष्णनगरच्या सदस्य महुआ मोईत्रा यांच्यावर, संसदीय संगणक-प्रणालीचे आपले प्रवेशचिन्ह बाहेरच्या व्यक्तीला दिल्याचा आणि प्रश्नांच्या बदल्यात लाभ घेतल्याचा आरोप होता. लाभ घेतल्याचे त्यांनी नाकारले. नीतिविषयक समितीने अहवाल सहा विरुद्ध चार मतांनी स्वीकारला. ८ डिसेंबरला अहवाल मांडला गेला आणि त्याच दिवशी हकालपट्टी झाली. त्यांना सभागृहात बोलू दिले गेले नाही, आणि त्यासाठी आधार घेण्यात आला तो २००५ च्या प्रथेचा. घाईत घातलेला पायंडा असा अठरा वर्षांनी उपयोगी पडला. २०२४ च्या निवडणुकीत त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. आरोप खरा की खोटा याचा निर्णय मतदानाने होत नाही, हे दोन्ही मतदानांना लागू आहे.

फौजदारी कायद्याची बाजू त्यानंतर तीन महिन्यांतच बदलली. १९९३ च्या अविश्वास ठरावाच्या वेळी पैसे घेऊन मत दिल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १९९८ साली तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरवले होते की, लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्याला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण मिळते. विचित्र फलित असे की, पैसे घेऊन शब्द पाळणारा सुटला आणि पैसे घेऊनही मत न देणारा अडकला. ४ मार्च २०२४ रोजी, म्हणजे शंकररावांची समिती नेमली गेल्याला बरोबर सत्तावीस वर्षे झाली त्या दिवशी, सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल एकमताने रद्द केला. लाच घेतल्याक्षणी गुन्हा पूर्ण होतो, मग मत दिले वा न दिले, आणि सभागृहाची शिस्त व फौजदारी न्यायालयाचा अधिकार ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत, असे त्यात म्हटले आहे.

त्यामुळे मतासाठी किंवा प्रश्नासाठी पैसे घेणाऱ्या सदस्याला आता दोन ठिकाणी उत्तर द्यावे लागेल. न्यायालयात पुराव्याचा कायदा आहे, वकील आहे, अपील आहे. समितीच्या मेजासमोर यांपैकी किती असावे, हे त्या त्या वेळी समितीवर बसलेले सदस्यच ठरवतात. १९५१ च्या उन्हाळ्यात ते पाच जणांनी ठरवले होते आणि त्यांतला एक वकील हैदराबादहून गेला होता.